पाटीखालचे बूट

तीनशे अठरा मीटर.

मी आकडा पुन्हा तपासला. वीस मीटरच्या पंधरा फेऱ्या आणि वर अठरा. बेरीज बरोबर होती. समोरच्या खुर्चीवर प्रज्ञा बसली होती. वय बारा, दोन घट्ट वेण्या, बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा. तिची आई माझ्या खांद्यावरून कागदात डोकावत होती.

"पास झाली ना जी मॅडम?"

"ताई, यात पास-नापास काही नसतं," मी म्हणाले.

हे वाक्य मी रोज म्हणते. त्या दिवशी ते खोटं होतं आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. यवतमाळच्या एका दवाखान्यात सव्वीस वर्षं काम करते आहे. लकवा झालेली माणसं, मोडलेले हात, आखडलेले खांदे हे माझं रोजचं. प्रज्ञा मात्र वेगळी पेशंट. तिला लहान मुलांचा संधिवात आहे. 'लहान मुलांना कुठे संधिवात होतो?' असं विचारणारे शिकलेले लोकही मला भेटतात. होतो. सातव्या वर्षी तिचे घोटे सुजले, मग गुडघे, मग मनगटं. आठवड्यातून एकदा एक गोळी, अधूनमधून रक्ततपासणी आणि दर दोन महिन्यांनी आर्णीकडच्या गावाहून एसटीनं आमच्याकडे. सकाळी सांधे आखडलेले असतात, दहा-साडेदहापर्यंत मोकळे होतात. पोरगी तक्रार करत नाही. मला हा गुणच वाटायचा.

त्या वर्षी तिनं एका निवासी शाळेची परीक्षा दिली आणि यादीत नाव लागलं. आई गावच्या शाळेत खिचडी शिजवते, वडील टेंपो चालवतात. घरात शाळेसाठी गाव सोडून जाणारी ही पहिलीच. शाळेनं फिटनेसचा फॉर्म मागितला होता. बाकीचे रकाने सोपे होते, उंची, वजन, दृष्टी. एक रकाना होता 'हृदय व फुफ्फुसांची क्षमता'. तिथे मुलांचे डॉक्टर, आमचे मोहोड सर, अडले. संधिवात असलेल्या मुलीला टेस्ट न करता फिट लिहिणार नाही म्हणाले. फॉर्म शुक्रवारी संध्याकाळपर्यंत शाळेत पोचायचा होता, नाहीतर जागा वेटिंग लिस्टमधल्या पुढच्या मुलाला. आणि आज बुधवार होता.

आता ही क्षमता म्हणजे काय, ते सांगते. आपण चालतो, जिना चढतो, तेव्हा स्नायूंना प्राणवायू लागतो. फुफ्फुसं तो घेतात, हृदय पोचवतं, स्नायू वापरतात. हे तिघं मिळून किती वेळ न थकता काम करतात त्याला एरोबिक फिटनेस म्हणतात. आपण साधं 'दम किती आहे' म्हणतो. मोठ्या शहरांत तोंडाला मास्क लावून मशिनवर ते मोजतात. आमच्याकडे मशिन नाही. आमच्याकडे कॉरिडॉर आहे, स्टॉपवॉच आहे आणि वाळू भरून लाल रंगवलेल्या दोन बाटल्या आहेत. त्या वीस मीटरवर ठेवायच्या आणि पेशंटला सहा मिनिटं शक्य तेवढं भरभर चालायला लावायचं. किती मीटर झाले ते लिहायचं. आधीचा आणि नंतरचा पल्स लिहायचा, ऑक्सिजन लिहायचा. दुखतं का, ते हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवून विचारायचं. तिच्या वयाची धडधाकट पोरं पाचशेच्या पुढे सहज जातात.

प्रज्ञानं सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. दुखणं शून्य. आणि मीटर तीनशे अठरा.

मी फोन उचलला. सर ओपीडीत होते, मागे पोरांचं रडणं ऐकू येत होतं.

"किती चालली?"

"तीनशे अठरा, सर."

"बारा वर्षांची पोरगी? दुखत होतं का?"

"नाही म्हणते."

सर मग म्हणाले, "मला हे आवडलं नाही, मॅडम. दुखत नाही आणि तरी चालवत नाही, म्हणजे दम कमी पडतोय. हृदयाची इको झाल्याशिवाय मी सही करणार नाही."

सरांचं बरोबर होतं. या आजारात क्वचित हृदयाच्या आवरणाला सूज येते. कधी फुफ्फुसाच्या आवरणालाही. ती वेळेत सापडली नाही तर जिवावर बेततं. पण आमच्याकडे इकोचा दिवस ठरलेला असतो आणि पुढची रिकामी तारीख दहा दिवसांनी होती. नागपूरला जावं तर एका दिवसात नंबर लागेल याची खात्री नाही.

मी आईला सांगितलं. शक्य तितक्या हळू सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे हृदय खराब हाये का तिचं?"

"तसं नाही म्हणत आहोत. तपासावं लागेल."

"सीट जाते मंग."

प्रज्ञा उठली, ऑक्सिमीटर बोटातून काढून टेबलावर नीट ठेवला आणि म्हणाली, "मी अजून एक डाव चालतो, मॅडम. आता जोरात चालतो." आमच्याकडच्या पोरी असंच बोलतात, चालतो, करतो. मी नको म्हटलं. तिची मावशी यवतमाळातच राहते, त्या दोघी तिच्याकडे मुक्कामाला गेल्या.

त्यानंतर सात-आठ पेशंट झाले. माझं कशातच लक्ष नव्हतं. एका आजोबांचा डावा खांदा शेकायचा तर मी उजव्याला पट्टा बांधला. त्यांनी बिचाऱ्यांनी दहा मिनिटांनी सांगितलं. डोक्यात एकच चालू होतं. खरंच हृदयाला सूज असेल आणि मी हिला दर दोन महिन्यांनी 'व्यायाम वाढव गं' म्हणून घरी पाठवत असेन तर? आणि नसेल, तर माझ्या एका आकड्यापायी पोरीची शाळा गेली. दोन्हीकडून मीच सापडत होते.

पाच वाजता रजिस्टर भरायला बसले. मीटर लिहिले, ऑक्सिजन लिहिला, अठ्ठ्याण्णव. पल्स लिहिताना पेन थांबलं. चालण्याआधी चौऱ्याण्णव. सहा मिनिटं चालल्यावर एकशे दहा.

फक्त एकशे दहा.

हे मी दुपारीच बघायला हवं होतं. सरांना मी मीटर सांगितले, पल्स सांगितलाच नाही. शिकायला येणाऱ्या नव्या पोरांना मीच शिकवते की एकटा आकडा कधी सांगू नका, आणि मीच एकटा आकडा सांगून मोकळी झाले. लाज वाटली.

त्याचा अर्थ असा. हृदय किंवा फुफ्फुसं कमी पडत असतील तर थोड्याशा कामालाही पल्स धावत सुटतो, माणूस धापा टाकतो. प्रज्ञाचं हृदय तर जागचं हललंही नव्हतं. दम लागायच्या आधीच दुसरं काहीतरी तिला थांबवत होतं. काय, ते मला कळत नव्हतं. ती तर सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवून गेली होती.

मी आईला फोन केला. "उद्या साडेदहाला परत या. तिचे सांधे मोकळे झाले की या, घाई करू नका." मग सरांना. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "पुन्हा टेस्ट करा, पण मी उद्या एक वाजता राळेगावला शिबिराला निघतोय आणि शनिवारी येणार. काय ते त्याआधी."

गुरुवारी सकाळी मी खिडकीपाशी उभी राहून वाट बघत होते. पावसाचे दिवस. आमच्या आवारात तेव्हा डबकी असतात आणि काळ्या मातीचा चिखल. ज्यांनी ही माती पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. चपलेला चिकटली की सुटत नाही, फरशीवर वाळली की खरवडून काढावी लागते. आणि ओली असताना लकव्याचा पेशंट त्यावरून घसरला की आमचा सहा महिन्यांचा व्यायाम पाण्यात. म्हणून अकरा वर्षांपूर्वी मी दारावर पाटी लावली, 'चपला-बूट बाहेर काढावेत'. माझ्या हातचं अक्षर, खाली लाल रेघ. आमच्या सुशीलाबाई फरशी पुसतात, त्या या पाटीच्या हवालदार. आमदार आले तरी बूट काढायला लावतील.

साडेदहाला दोघी फाटकातून आल्या. आईच्या हातात पिशवी, प्रज्ञाच्या हातात फाइल. पाऊस भुरभुरत होता. प्रज्ञानं फाइल डोक्यावर धरली आणि चक्क पळत आली. पहिलं डबकं वळसा घालून, दुसरं ओलांडून. मी बघतच राहिले. ही काल तीनशे अठरा मीटर चाललेली मुलगी?

पायरीवर बसून तिनं बुटांचे पट्टे सोडले. दोन्ही बूट पाटीखाली शेजारी शेजारी लावले आणि आत आली. तापल्या तव्यावर पाय पडावा तशी. तळव्याची बाहेरची कडा टेकवत, बोटं आत ओढून.

ते बूट मीच लिहून दिले होते. मागच्या वर्षी तिच्या पायांचे पुढचे सांधे दुखायला लागले तेव्हा मी जाड मऊ तळाचे, पट्ट्याचे बूट सांगितले आणि आतले फोमचे तुकडे माझ्या हातानं कापून बसवले. 'घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही' असं दोनदा बजावलं होतं. आणि काल त्याच मुलीला मी टणक फरशीवर अनवाणी सहा मिनिटं भरभर चालायला लावलं. नजर पूर्ण वेळ स्टॉपवॉचवर आणि फेऱ्यांच्या खुणांवर. पायांकडे मी पाहिलंच नाही. सव्वीस वर्षं लोकांच्या पायांवर पोट भरणारी बाई.

"प्रज्ञा, बूट काहून काढले गं?"

ती गोंधळली. "पाटी हाये ना, मॅडम."

"दवाखान्यात बूट घालून कसं येवाव?" आई म्हणाली. "दर टायमाले बाहेरच काढते ती. त्या बाईबी बोलतात."

सुशीलाबाई दारातच होत्या. त्यांनी मान खाली घातली.

मी प्रज्ञाला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर स्टुलावर बसले. "काल पाय दुखले होते ना? खरं सांग. मी रागावणार नाही."

तिनं आईकडे पाहिलं. मग माझ्या टेबलावरच्या कागदांकडे.

"दुखते म्हटलं असतं त तुम्ही लिवलं असतं."

"काय लिहिलं असतं?"

"अनफिट."

आईनं डोळ्याला पदर लावला. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

"बूट घाल," मी म्हणाले.

"मॅडम, फरशी..." सुशीलाबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच ओलं फडकं आणलं, प्रज्ञापुढे खाली बसल्या आणि दोन्ही बुटांचे तळ घासून पुसले. खाचेतली माती हेअरपिननं काढली. "घाल व माय," म्हणाल्या.

बूट घालून ती चारशे बावन्न मीटर चालली. पल्स एकशे चोवीस. या वेळी तक्त्यावर तिनं मधल्या चेहऱ्याच्या जरा अलीकडे बोट ठेवलं, घोटा थोडा दुखतो म्हणाली. आता मला तिचं खरं वाटलं.

पण माझी काळजी संपली नव्हती. चारशे बावन्न हा काही छातीठोकपणे पुढे करायचा आकडा नव्हे. तिच्या वयाला तो कमीच. पाय अजूनही तिला अडवत होते, त्यामुळे हृदय किती काम करू शकतं हे मला अजून दिसलंच नव्हतं. पायांवर वजन न टाकता दम मोजायला हवा होता. कोपऱ्यात आमची जागेवरची सायकल होती, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या पेशंटसाठीची. गंजलेलं पेडल बदललं होतं, घट्ट-सैल करायचा नॉब चालू होता. तेवढं पुरेसं होतं.

धोका होता तो वेगळाच. सरांचा संशय खरा असला तर सायकलवर मुलीला जोर करायला लावणं म्हणजे आगीशी खेळ. मी एकटीनं हे करणार नव्हते. वर जाऊन सरांना गाठलं, पल्सचे चारही आकडे पुढे ठेवले, बुटांचं सांगितलं. स्वतःची चूक सांगायला जीभ जड होते, पण सांगितलं.

सरांनी पेन खाली ठेवलं. "अनवाणी?"

"हो, सर."

"तुमचीच पाटी?"

"माझीच."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "आधी ईसीजी काढा. मी येतो."

ईसीजी साफ निघाला. सरांनी छाती तपासली, वाकवून, झोपवून, पुन्हा बसवून, बराच वेळ. मग होकारार्थी मान हलवली. मी सीट खाली घेतली, प्रज्ञाचे पाय पेडलला पुरतील, पण गुडघे फार वाकणार नाहीत एवढीच. औषधांचा ट्रे हाताशी ठेवला. सर भिंतीला टेकून उभे. बारा वाजायला पाच मिनिटं होती.

दर दोन मिनिटांनी नॉब थोडा घट्ट करायचा आणि पल्स बघायचा. एकशे अठरा. एकशे छत्तीस. मी विचारलं, "छातीत दुखतं? चक्कर?" ती मानेनंच नाही म्हणाली. एकशे बावन्न. दम किती लागला हे बघायला आम्ही पेशंटला बोलायला लावतो. मी म्हटलं, "तेराचा पाढा म्हण."

"तेरा एके तेरा... तेरा दुणे... सव्वीस..."

एकशे अडुसष्ट. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. माझं बोट तिच्या मनगटावर होतं आणि माझा स्वतःचा पल्स किती असेल ते विचारू नका. "तेरा त्रिक..." पुढचं श्वासात बुडालं. मी नॉब सैल केला. "बस. हळूहळू फिरव. थांबू नको."

तीन मिनिटांत पल्स एकशे बारावर आला. ऑक्सिजन सत्त्याण्णव. प्रज्ञानं घाम पुसला आणि म्हणाली, "एकोणचाळीस. येत व्हतं मले."

सर पहिल्यांदा हसले. मग कागद पुढे घेतला. "हृदय काम वाढेल तसं वाढतंय, थांबलं की खाली येतंय. दम तिच्या वयापेक्षा कमी आहे, पण तो आजारानं खाल्लेला दिसत नाही." आईकडे वळून म्हणाले, "पाच वर्षं घरात तिला काय सांगता?"

"बसून राय म्हणतो जी. दुखते म्हणून."

"तेच. बसून बसून कमी झालाय. वापरला की वाढेल."

त्यांनी लिहिलं, फिट. खाली अटी. वर्गात, वसतिगृहात, मैदानावर स्वतःचे बूट घालू द्यावेत. सांधे सुजले असतील त्या दिवशी धावायला लावू नये. रोज सायकल चालवू द्यावी. आणि मला म्हणाले, "इकोची तारीख तरीही घ्या. ती मी सोडणार नाही."

"अटी वाचून शाळा नाही म्हणाली त?" आईनं विचारलं.

"तर मला फोन करायला सांगा," सर म्हणाले आणि राळेगावच्या गाडीकडे निघाले.

शुक्रवारचा दिवस मी फोनकडे बघण्यात घालवला. साडेचारला आईचा फोन आला. शाळेनं कागद घेतला होता. मुख्याध्यापकांनी अटी दोनदा वाचल्या आणि विचारलं, सायकल शाळेची चालेल का? दहा दिवसांनी इको झाली, ती साफ आली. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले. आता सकाळी बाकीच्या मुली मैदानाला पळत चकरा मारतात तेव्हा प्रज्ञा सायकलवरून मारते. मधल्या सुट्टीत पोरी तिच्याकडे सायकल मागतात असं तिनं सांगितलं, तक्रारीच्या सुरात.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं.

पाटी मी त्याच आठवड्यात बदलली. आता तिथे लिहिलंय, 'चालताना पाय दुखत असतील तर बूट काढू नका, आम्ही पुसून देऊ'. टेस्टच्या कागदावर मीटरच्या आधी एक रकाना वाढवला, 'पायात काय होतं?' नवीन पोरं हसतात. हसू देत.

मग एका शनिवारी जुन्या फायली काढून बसले. पाटीची अकरा वर्षं. सांधे दुखणाऱ्या सहा मुलांची ही टेस्ट मी घेतली होती, सगळ्यांची त्याच फरशीवर. चौघांना फोन करून परत बोलावलं. बूट घालून चौघेही पहिल्यापेक्षा जास्त चालले. पाचवी प्रज्ञा. सहावी दिग्रसकडची एक मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. मीटर दोनशे नव्वद. आधीचा पल्स शहाण्णव, नंतरचा एकशे आठ. तेव्हाही आकडा समोरच होता.

तिच्या घरचा फोन लागत नाही. मी महिन्यातून एकदा लावून बघते. तिच्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'दम कमी. खेळ टाळावेत.' खाली लाल रेघ.